स्वस्तातला गाइडेड नाइफ शार्पनर: अनबॉक्सिंग, पहिला अनुभव आणि फोनने कोन मोजायची पद्धत



या वेळी बॉक्समधून फोन, इअरबड किंवा चार्जर निघालेला नाही. निघालाय तो सुरीला धार लावायचा स्टँड. पण लेख शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्या खिशातल्या फोनचं यात मोठं काम आहे.

आधी कारण सांगतो. दोन महिन्यांपूर्वी आई टोमॅटो चिरत होती. सुरी बोथट, टोमॅटोचं साल गुळगुळीत. आईने जोर दिला, पातं सालावरून घसरलं आणि डाव्या हाताच्या बोटावर आलं. दोन टाके पडले. दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या ताईंनी विचारलं, "लय धार होती का चाकूला?" आई म्हणाली, "धार असती तर टोमॅटो कापला असता ना बाई, बोट कशाला?"

हे बरोबरच आहे. धारदार सुरीला जोर लागत नाही, त्यामुळे ती घसरत नाही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि घसरली की तो सगळा जोर बोटावर येतो.

आम्ही नागपूरला जरीपटक्यात राहतो. सायकलवर साण घेऊन येणारे काका पूर्वी गल्लीत महिन्यातून एकदा तरी दिसायचे, हल्ली दोन-दोन महिने दिसत नाहीत. म्हणून ऑनलाइन शोधलं आणि १,६४९ रुपयांचा गाइडेड शार्पनर मागवला. तीन आठवडे वापरून हा लेख लिहितोय. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच स्टँड वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी विकला जातो. मी जे सांगतोय ते या प्रकारच्या बहुतेक स्टँडना लागू पडेल.

बॉक्समध्ये काय मिळालं?

- धातूचा बेस, खाली रबरी पाय
- उभा रॉड, त्यावर वर-खाली सरकणारा सांधा
- दगड धरायचा लांब आडवा रॉड
- सुरी पकडायच्या दोन प्लास्टिक क्लिपा
- चार दगड: १२०, ३२०, ६०० आणि १५००
- एक एल-की, आणि चित्रांचा एक कागद

आई म्हणाली, "काऊन रे, हे शिलाई मशीन काऊन मागवलं?" दिसतं खरं तसंच.

पहिल्या नजरेत बेस वजनदार आणि चांगला वाटला. रॉड सरळ होते. मी ते आरशावर लोळवून पाहिले. क्लिपा मात्र अगदीच हलक्या. कागदावरची माहिती जवळपास शून्य. जोडायला मला २० मिनिटं लागली, त्यातली दहा कोणता स्क्रू कुठला हे शोधण्यात गेली.

गाइडेड म्हणजे नेमकं काय?

सुरीची धार म्हणजे दोन उतार जिथे भेटतात ती रेघ. हे उतार किती अंशात घासलेत यावर धार कशी लागेल आणि किती टिकेल ते ठरतं. हाताने दगडावर सुरी घासताना प्रत्येक फेरीत कोन थोडा बदलतो. एकदा १८ अंश, एकदा २५, एकदा २१. मग उतार सपाट न होता गोल होतो आणि रेघ नीट भेटतच नाही. सरावाचा हात असेल तर कोन बदलत नाही, पण तो हात यायला बराच काळ जातो.

गाइडेड शार्पनरमध्ये सुरी जागेवर पक्की असते आणि दगड एका रॉडवर फिरतो. रॉडचं दुसरं टोक ठरावीक उंचीवरच्या सांध्यातून जातं. त्यामुळे दगड दरवेळी त्याच उतारावर येतो. लान्स्की, एज प्रो अशा अमेरिकी कंपन्यांनी ही रॉडची पद्धत लोकप्रिय केली. आपल्याला स्वस्तात मिळणारे बहुतेक स्टँड एज प्रोच्या रचनेवर बेतलेले असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे यंत्र बरोबर कोन देत नाही, तोच कोन पुन्हापुन्हा देतं. बरोबर कोन आपणच लावायचा असतो. इथेच मी पहिल्यांदा चुकलो.

छापील आकडा म्हणजे कोन नाही

माझ्या उभ्या रॉडवर १५, २०, २५ असे आकडे कोरलेत. मी सांधा २० वर लावला आणि खूश झालो. मग सहज फोनने मोजलं तर रीडिंग आलं १७.६ अंश. वाटलं, मशीनच खोटं.

मशीन खोटं नव्हतं. इथे दहावीची त्रिकोणमिती कामी आली. सांध्याची धारेपासूनची उंची भागिले उभ्या रॉडपासून धारेपर्यंतचं आडवं अंतर, म्हणजे कोनाचा टॅन.

- २० च्या खुणेवर सांध्याची उंची होती ७.३ सेंमी. (दगडाची जाडी वजा करून.)
- अंतर २० सेंमी असेल तर कोन बरोबर २० अंश येतो.
- पण आईची सुरी रुंद आहे. तिची धार रॉडपासून २३ सेंमीवर येते. ७.३ भागिले २३, कोन १७.६ अंश.

म्हणजे आकडे कोरणाऱ्याने अरुंद पातं धरून पट्टी आखली. पातं रुंद असेल, किंवा सुरी क्लिपेत थोडी पुढे सरकवली असेल, तर तोच आकडा वेगळा कोन देतो. मला खरे २० अंश हवे होते म्हणून सांधा साधारण ८.४ सेंमीवर न्यावा लागला.

दुसरी गंमत दगडाच्या जाडीची. माझ्या संचात ६०० चा दगड ३२० पेक्षा जवळपास २ मिमी जाड निघाला. एवढ्याने कोन सुमारे अर्धा अंश कमी होतो. म्हणून दगड बदलला की कोन पुन्हा तपासा.

फोनने कोन कसा मोजायचा?

फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाचा छोटा सेन्सर असतो. स्क्रीन आडवी-उभी होते ती त्याच्यामुळे. फोन स्थिर असताना या सेन्सरला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, आणि त्यावरून फोन किती कललाय ते काढता येतं.

आयफोनमध्ये मेजर ॲपमध्ये लेव्हलची सोय आहे. अँड्रॉइडसाठी बरीच मोफत ॲप्स आहेत. मी फायफॉक्स वापरतो. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात बनलेलं हे मोफत ॲप आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि कल दशांशात दिसतो.

पद्धत अशी:

१. कव्हर काढा. फोनची लांब सपाट कड वापरा. पाठ वापरू नका, कारण कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे रीडिंग चुकतं.
२. सुरी क्लिपेत लावायच्या आधी फोनची कड स्टँडच्या पाट्यावर टेकवा. आलेला आकडा लिहून घ्या. ओटा किंवा टेबल पूर्ण सपाट नसतंच.
३. सुरी लावा. दगड धारेवर टेकवा आणि फोनची कड रॉडवर, रॉडच्याच दिशेने ठेवा. फोन हाताने धरून ठेवा, पण दाब देऊ नका. फोनच्या वजनाने रॉड वाकतो.
४. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा. तो तुमचा खरा कोन.
५. सुरी उलटी करून दुसऱ्या बाजूनेही मोजा.

दोन सूचना. मोजणी घासायच्या आधी करा, कारण फोनच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो आणि घासताना निघालेली लोखंडाची पूड त्याच्या जाळीला चिकटते. आणि फोन कधीही उघड्या धारेवरून नेऊ नका. स्क्रीनचं सोडा, हाताचं बघा.

कुठल्या सुरीला किती कोन?

हे आकडे एका बाजूचे आहेत.

- १५ अंश: पातळ, कठीण पोलादाच्या जपानी पद्धतीच्या सुऱ्या
- २० अंश: घरातली रोजची स्टेनलेस सुरी
- २५ अंश: हाड किंवा नारळावर चालणारं जाड पातं

आणि दगडाचे नंबर?

नंबर जितका मोठा तितका दगड बारीक.

- १२०: धारेत दाते पडले असतील तरच. धातू फार खातो.
- ३२०: बोथट सुरीची सुरुवात इथून.
- ६००: ओरखडे कमी करायला. रोजच्या भाजीला इथे थांबलं तरी चालतं.
- १५००: शेवटची सफाई.

नंबर मोजायच्या पद्धती मात्र एकापेक्षा जास्त आहेत. जपानी मानकात १००० नंबरचा कण सुमारे ११.५ मायक्रॉनचा, तर युरोपीय पी-मानकात पी१००० चा कण सुमारे १८ मायक्रॉनचा. माझ्या दगडांवर मानक लिहिलेलंच नव्हतं. म्हणून एका संचातले दगड आपसात ताडून बघा, दुसऱ्या ब्रँडच्या नंबरशी तुलना करू नका.

जाता जाता, हे दगड साधारणपणे ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे आपला कुरुंदच. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही आपल्याकडून, दक्षिण भारतातल्या भाषांमधून तिकडे गेलाय.

पहिली सुरी: मी काय केलं

१. पात्याच्या उतारावर काळा मार्कर फिरवला.
२. ३२० च्या दगडावर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकले.
३. हलक्या हाताने दोन फेऱ्या मारल्या आणि पाहिलं. शाई फक्त वरच्या भागातली गेली आणि धारेपाशी तशीच राहिली, तर कोन कमी आहे. फक्त धारेपाशी गेली तर कोन जास्त आहे. पूर्ण पुसली तर जुन्या कोनाशी जुळला.
४. एका बाजूने घासत राहिलो, दुसऱ्या बाजूला बर्र येईपर्यंत.

ही बर्र सगळ्यात महत्त्वाची. एका बाजूचा उतार घासत धारेपर्यंत पोचला की धातूची बारीक कोर दुसऱ्या बाजूला वळते. अंगठा पात्याच्या कण्याकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेने हळूच सरकवला की खरखरीत लागते. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवायचं नाही. पूर्ण लांबीत बर्र जाणवली की समजायचं त्या बाजूचं काम झालं. मग सुरी उलटायची. फेऱ्या मोजू नका, बर्र शोधा.

५. दुसरी बाजूही तशीच. मग ६००, मग १५००, प्रत्येक वेळी दाब कमी करत.
६. शेवटी बर्र काढायला जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा ओढली. पूर्वी न्हावी वस्तरा असाच पट्ट्यावर ओढायचे.
७. सुरी साबणाने धुतली. हे विसरू नका, पात्यावर पोलादाची आणि दगडाची पूड असते.

एकूण ५५ मिनिटं लागली. मधे एकदा प्लास्टिकची क्लिप सैल होऊन सुरी सरकली आणि पात्यावर लांब ओरखडा उठला. नशिबाने हात मागे होता. आता क्लिपेत रबराचा तुकडा घालतो आणि दर पाच मिनिटांनी पकड तपासतो.

धार आली का, हे कसं ओळखायचं?

खोली अंधारी करा, सुरीची धार वर धरा आणि फोनचा टॉर्च वरून पाडा. खरी धार उजेड परत फेकत नाही, कारण तिथे फेकायला जागाच नसते. जिथे चमकता ठिपका किंवा रेघ दिसते तिथे धार अजून बोथट आहे. आईच्या सुरीत टोकाजवळ तीन ठिपके दिसले.

ते टोकाजवळच का? पात्याच्या सरळ भागात कोन एकसारखा राहतो, पण टोकाकडे धार वळते तिथे सांध्यापासूनचं अंतर बदलतं आणि कोनही बदलतो. सुरी क्लिपेत थोडी सरकवून फक्त तो भाग पुन्हा घासला तेव्हा ठिपके गेले.

मग कागद. जुना पेपर हवेत धरून कापला, न अडकता गेला. मग टोमॅटो. आईने सुरी नुसती ठेवून मागे ओढली आणि फोड पडली. ती काही बोलली नाही, पण राहिलेले चारही टोमॅटो चिरून टाकले. भाजीला दोनच हवे होते.

माझी दुसरी चूक: जास्त धार

बातमी शेजारी गेली. जरीपटक्यात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. आमच्या शेजारच्या आंटीही सिंधी. त्यांना कमलकाकडीच्या पातळ चकत्या करायच्या असतात. त्या सुरी घेऊन आल्या आणि मी हुशारी दाखवत १५ अंश लावले. केस कापावा अशी धार आली.

आठ दिवसांत आंटी परत. "बेटा, ये तो पहले जैसी हो गई."

टॉर्चखाली पाहिलं तर पूर्ण लांबीत धार वळलेली. कारणं दोन. एक, साध्या स्टेनलेस सुऱ्यांचं पोलाद मऊ असतं. रॉकवेल कठीणपणा साधारण ५५ च्या आसपास किंवा त्याखाली, तर चांगल्या जपानी सुऱ्यांचा ६० किंवा वर. मऊ पोलादाला पातळ कोर झेपत नाही, ती दुमडते. दोन, आंटी थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरत होत्या. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण असतो. म्हणजे प्रत्येक घावाला सुरी दगडावरच आपटत होती.

मी २० अंशांवर पुन्हा धार लावून दिली आणि आंटींनी लाकडी पाट काढला. दहा दिवस झाले, अजून तक्रार नाही. धार लावण्याआधी सुरी कशावर चालते हे विचारा. स्टीलचं ताट, काच आणि ग्रॅनाइट हे धारेचे शत्रू. लाकूड किंवा प्लास्टिकचा बोर्ड चालतो.

विळीचं काय?

आईचा पहिला प्रश्न हाच होता, आणि उत्तर आहे: नाही. विळीचं पातं वाकडं आणि पाटाला जोडलेलं, ते क्लिपेत बसतच नाही. कोयता, विळा, कात्रीही नाही. करवतीसारख्या दात्यांची ब्रेडची सुरीही नाही. सिरॅमिक सुरीला हे दगड पुरत नाहीत, तिला हिऱ्याचे लागतात.

विळीसाठी साणवाल्या काकांचीच वाट पाहिली. गेल्या रविवारी आले. सायकल स्टँडवर लावली, पायडल मारत साण फिरवली आणि कुठलंही ॲप न उघडता तीन मिनिटांत विळी पाजवून दिली. मधे मधे पातं पाण्यात बुडवत होते. का, विचारलं तर म्हणाले, "तापलं तर पानी उतरते." अगदी खरं. धार फार तापून निळी पडली, म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या घरात गेली, तर पोलाद मऊ होतं आणि धार टिकत नाही. विजेच्या ग्राइंडरवर घाईने लावलेल्या धारेचा धोका हाच.

मी गमतीने फोन काढला आणि त्यांनी धरलेला कोन बाजूने फोटो घेऊन मोजला. पाच फोटो, फरक दोन अंशांच्या आत. माझ्या स्टँडच्या सांध्यात ढिलाई आहे, रॉड वर-खाली दाबला की ०.८ अंश हलतो. १,६४९ रुपये देऊन मी त्यांच्या हाताच्या जरासाच पुढे आलो, तेही फक्त सरळ पात्यापुरता.

आवडलं / नाही आवडलं

आवडलं:
- जड बेस, सरळ रॉड
- नवख्यालाही पहिल्याच दिवशी कामाची धार
- हाताने धरायच्या दगडापेक्षा शिकायला सोपं

नाही आवडलं:
- क्लिपा कमकुवत, सुरी सरकते
- छापील आकड्यांवर विसंबता येत नाही
- दगडांची जाडी एकसारखी नाही
- ३२० चा दगड तीन आठवड्यांत मधे खोलगट झालाय
- माहितीपत्रक नावालाच

घ्यावा का?

घरात चार-पाच सरळ सुऱ्या असतील, महिन्यातून एक तास द्यायची तयारी असेल आणि मोजून काम करायची आवड असेल, तर घ्या. एकच सुरी आणि एक विळी असेल तर घेऊ नका. साणवाल्याला द्या, पैसेही वाचतील. आणि घेतलाच तर पहिला प्रयोग घरातल्या सगळ्यात टाकाऊ सुरीवर करा, आईच्या नाही.

एक शेवटचं. धार लावलेली सुरी घरात फिरते तेव्हा सगळ्यांना सांगा. बोथट सुरीची सवय झालेला हात जोर लावतो, आणि पहिले दोन दिवस तोच जोर धोक्याचा असतो. मी आमच्या सुऱ्यांच्या स्टँडवर कागद चिकटवलाय: "धार लावली आहे, हळू." आईने त्याखाली पेनाने लिहिलंय, "विळीलाही."